चाळणीची वही

१

सोमवारी सकाळी सारणी कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा पस्तीस जाडजूड वह्या जागच्या जागी होत्या, आणि त्यांच्या डाव्या टोकाला कायम असायची ती एक बारीक वही नव्हती.

मी त्या वेळी तिथेच उभा होतो. छापखान्यातून प्रूफ न्यायला आलो होतो. मी मुद्रितशोधक आहे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरतोय. एका स्वल्पविरामासाठी मी एकदा अख्खी छपाई थांबवली होती, तेव्हापासून मला सगळे 'स्वल्पविराम' म्हणतात. चिडली की माझी बायकोसुद्धा.

सारणी कार्यालयाचं काम साधं आणि न संपणारं. कोणत्या मोठ्या संख्येला कशाने भाग जातो, हे शोधायचं आणि खंडाखंडांनी छापायचं. भागाकारासाठी यंत्रं आहेत, दांडा फिरवायची. दिवसभर तिथे खडखड चालू असते आणि कोणी कोणाशी फारसं बोलत नाही. मला ती जागा आवडते.

या वेळच्या खंडात शेवटची नोंद होती ती पंधरा अंकी संख्येची: २७,४५,६७,३१,०९,८९,३३९. कार्यालयात तिला 'हट्टी' म्हणत. पंधरा अंकी म्हणजे जन्माचं काम, म्हणून दोन पिढ्या तिला हात न लावता पुढच्या खंडावर ढकलत आल्या होत्या. बारा वर्षांपूर्वी तिला पहिला तडा गेला. सदतीसने भाग गेला आणि उरली तेरा अंकी: ७४,२०,७३,८१,३४,८४७. आता प्रश्न एवढाच होता, की या तेरा अंकीला आणखी कशाने भाग जातो, की ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कोणाचीच तिच्यापुढे डाळ शिजत नाही.

ते काम मुख्य गणक बाईंनी अंगावर घेतलं. एकेक मूळ संख्या घ्यायची, तेरा अंकीला भाग जातो का बघायचं, बाकी लिहायची, पुढे जायचं. दिवसाला पन्नास-साठ भागाकार. संख्येच्या वर्गमुळापर्यंत गेलं की पुरे, कारण अवयवांची जोडी असली तर तिच्यातला धाकटा त्याच्या आतच सापडतो. ते वर्गमूळ होतं सत्तावीस लाख चोवीस हजारांच्या आसपास. एक लाख अठ्ठ्याण्णव हजार भागाकार, पस्तीस वह्या, बारा वर्षं. कशानेही भाग गेला नाही. तेरा अंकी मूळ ठरली, आणि हट्टी म्हणजे ३७ गुणिले तेरा अंकी, अशी ओळ माझ्या हातातल्या प्रुफात छापून आली होती.

हरवली ती बारीक वही चाळणीची. शंभराच्या आतल्या पंचवीस मूळ संख्यांनी भाग जातो का, ते आधी बघून घेतात, त्याला तिथे चाळणी म्हणतात. ते काम नवख्यांना देतात. एका दिवसात होतं.

पण कार्यालयाचा एक नियम आहे. एक पान जरी कमी असलं तरी नोंद खंडात जात नाही. हा नियम बाईंनीच केलेला, आणि त्यांनीच तो डोळ्यांत तेल घालून पाळलेला.

बाईंनी कपाटातल्या वह्या पुन्हा एकदा मोजल्या. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "शेवटची ओळ खोडा. हट्टी या खंडात जाणार नाही."

२

दुपारी त्यांनी मला परत बोलावलं, आपल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. खोलीत टेबल, यंत्र, पाण्याचा तांब्या आणि खिडकीशी एक खुर्ची. खुर्चीच्या डाव्या हाताचं लाकूड बारा वर्षांच्या कोपराने गुळगुळीत झालेलं होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही चुका शोधता. मला एक शोधून द्या. वही कुठे आहे, ते मला नकोय. मी हरवली की कोणी नेली, एवढंच सांगा."

"बाई, हरवली तर हरवली. एका दिवसाचं काम, पुन्हा करा. पान गुरुवारी दुपारी छपाईला चढणार आहे, वेळ आहे."

"ते सगळे मला सकाळपासून तेच सांगतायत." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझी मोठी बहीण. तिचं आधी चमच्यांपासून सुरू झालं. मग किल्ल्या. मग एक दिवस दूधवाल्याला तिने वडील समजून नमस्कार केला. शेवटी शेवटी पोटच्या मुलीला ओळखेना. आज मी एकसष्ट वर्षांची आहे. ती सुरू झाली तेव्हा साठची होती."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"शनिवारी ते कपाट मी लावलं. लावलं असं मला आठवतंय. वही आत होती असंही आठवतंय. पण तिलाही सगळं आठवायचंच हो. बारा वर्षं मी म्हटलं, अमुक बाकी उरली, आणि लोकांनी ते खरं मानलं. आता माझं मलाच खरं वाटत नसेल, तर त्या पस्तीस वह्यांना काय अर्थ आहे? वही मी हरवली असेल, तर हट्टीही जाऊ दे आणि माझं नावही खंडातून जाऊ दे. मी राजीनामा लिहून ठेवलाय."

"आणि कोणी नेली असेल तर?"

"तर मी त्याचे पाय धरीन," बाई म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या. "आणि हे माझ्या भाचीला कळता कामा नये. तिने आईचं सगळं केलंय. पुन्हा तेच तिच्या वाट्याला यायला लागलंय, हे तिला माझ्या तोंडून तरी कळायला नको."

भाची म्हणजे त्याच बहिणीची मुलगी, कार्यालयातली उपगणक. घरीही दोघी एकत्रच राहायच्या. तिला सांगणार नाही, असा मी शब्द दिला.

मला त्या क्षणी बाईंची फार काळजी वाटली, आणि थोडा रागही आला, कोणावर ते ठाऊक नव्हतं.

३

कपाटाची किल्ली खिळ्याला लटकत असते. तिचा पत्ता बाई सोडून पाच जणांना, त्यांतले दोन शिपाई रजेवर. उरले तिघे.

संचालकांकडे आधी गेलो. ते गणिती नव्हेत. त्यांना खंड वेळेवर हवा असतो आणि छप्पर गळायला नको असतं, बस. हट्टी वगळली तर गुरुवारची वाट न बघता खंड छापता येतो हे मला ठाऊक होतं, त्यांनाही.

"माझ्यावर संशय आहे का तुमचा?" त्यांनी हसून विचारलं.

"सगळ्यांवरच आहे, साहेब."

"मग ऐका. मला नोंद बुडवायचीच असती तर मी शेवटची वही उचलली असती. उत्तर तिच्यात आहे ना? ती चिमुकली वही घेऊन मी काय करणार? दोनने भाग जात नाही, तीनने जात नाही, हे वाचत बसू?"

हे मला पटलं. हा माणूस चोरी करील तर ठळक अक्षरांतली करील.

दुसरे होते 'दशांश'. हे दुसरे गणक. कोणतीही गोष्ट पूर्ण खरी आहे असं ते कधी म्हणत नाहीत, म्हणून हे नाव. आठ वर्षांपूर्वी त्यांची एक मोठी नोंद एक पान गहाळ झालं म्हणून रद्द झाली होती. रद्द केली होती बाईंनी, याच नियमाखाली. तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती.

"आनंद झाला का?" मी सरळच विचारलं.

"झाला. साधारण नव्वद टक्के." त्यांनी यंत्रावरचा हात काढला नाही. "उरलेल्या दहा टक्क्यांत वाईट वाटलं. दुपारपर्यंत प्रमाण उलटं झालं होतं. अहो स्वल्पविराम, मला सूड घ्यायचा असता तर मी सतरावी नाहीतर अठरावी वही नेली असती. चार-चार महिन्यांचं काम एकेका वहीत. ते पुन्हा करायला बाईंना वेळच उरला नसता. चाळणी कोण चोरतो? ज्याला काहीही बिघडवायचं नाही, तो."

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं.

भाची यंत्रांच्या खोलीत होती. तेहेतिशीची, हसरी, आज हसत नव्हती. डोळे सुजलेले.

"काका, तुम्ही तरी मावशीला सांगा ना," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. "एका दिवसाचं काम आहे. मी कालच सगळी तयारी करून ठेवलीय. तिने नुसतं बसायचं आणि दांडा फिरवायचा. पण ती हातच लावत नाही."

तिने मला नवी वही दाखवली. सुबक रेघा मारलेल्या, समासात दोनपासून सत्त्याण्णवपर्यंत पंचवीस मूळ संख्या एकाखाली एक, आणि माथ्यावर ठळक अंकांत ७४२०७३८१३४८४७. सवयीने मी अंक ताडून पाहिले. चूक नव्हती.

"मग तूच करून टाक की. तू उपगणक आहेस."

"नाही," ती घाईघाईने म्हणाली. "तिनेच करायला हवी."

"का?"

ती खिडकीकडे बघत राहिली. "तिची नोंद आहे म्हणून."

जिना उतरताना मी एक पायरी चुकलो. ती 'काल' म्हणाली होती. वही नाही हे कळलं आज सकाळी, आणि काल होता रविवार.

४

घाईने निष्कर्ष काढणाऱ्या माणसाने मुद्रितशोधक होऊ नये. तयारी काल केली, याचा अर्थ वही नाही हे तिला काल ठाऊक होतं. पण का? मावशीच्या बारा वर्षांच्या कष्टांवर पाणी ओतावं असं तिला का वाटावं? तीच मावशी जिच्या औषधांच्या वेळा ती भिंतीवर लिहून ठेवते?

छापखान्यात माझ्या टेबलावर मी ते प्रूफ पुन्हा पसरलं. कार्यालयातून तीन जणांनी वाचून परत आलेलं: आधी भाचीने, मग दशांशांनी, मग संचालकांनी सही केलेलं. पान खिडकीशी आडवं धरलं. खोडरबराने शिसपेन्सिल पुसली जाते, कागदाला पडलेला दाब पुसला जात नाही. तेरा अंकीच्या अंकांमध्ये चार बारीक खळगे दिसले.

आता मी ज्यासाठी बदनाम आहे तिथे आलो. आपण मोठी संख्या लिहितो तेव्हा शेवटचे तीन अंक सोडतो आणि पुढे दोन-दोनांवर स्वल्पविराम देतो: हजार, लाख, कोटी. छापलेल्या ओळीत ते तसेच होते. पण हे खळगे दोन-दोनांवर नव्हते. तीन-तीनांवर होते. कोणीतरी ती संख्या अशी तोडून पाहिली होती: ७ । ४२० । ७३८ । १३४ । ८४७. आणि मग ते पुसलं होतं.

मंगळवारी सकाळी मी दशांशांना गाठलं. "संख्या तीन-तीन अंकांत कोण तोडतं?"

"हल्ली कोणी नाही. जुना ताळा आहे तो, यंत्रं नव्हती तेव्हाचा." त्यांनी समजावून सांगितलं. "नऊशे नव्व्याण्णव म्हणजे सत्तावीस गुणिले सदतीस. म्हणून हजाराला सदतीसने भागलं की बाकी एक उरते. संख्या तीन-तीनांत तोडा, तुकड्यांची नुसती बेरीज करा. बेरजेला सदतीसने भाग गेला, तर संख्येलाही जातो. भाची कधीमधी करते असलं. गंमत म्हणून."

"हट्टीला सदतीसने भाग जातोच की."

"जातो ना. तो जाऊनच तेरा अंकी उरली."

"मग तेरा अंकीवर हा ताळा कोणी का करील?"

"करणार नाही. सदतीसचं काम झालं. पुढची एक्केचाळीस."

मी त्यांचे आभार मानले, छापखान्यात आलो आणि माझ्या जुन्या पाकिटाच्या पाठीवर बेरीज मांडली. सात आणि चारशे वीस, चारशे सत्तावीस. त्यात सातशे अडतीस, अकराशे पासष्ट. त्यात एकशे चौतीस, बाराशे नव्व्याण्णव. त्यात आठशे सत्तेचाळीस. दोन हजार एकशे शेहेचाळीस.

सदतीसने भागलं. अठ्ठावन्न. बाकी शून्य.

मी तीनदा करून पाहिलं. गणितात मी कच्चा आहे, पण इतका नाही. जी तेरा अंकी संख्या मूळ म्हणून परवा छापली जाणार होती, तिला सदतीसने भाग जात होता. हट्टीच्या पोटात सदतीस दोनदा होते, आणि बारा वर्षांत कोणीही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

५

भाचीला मी दुपारी यंत्रांच्या खोलीत एकटीला गाठलं. पाकीट तिच्यासमोर ठेवलं. तिने बेरीज बघितली आणि खुर्चीत बसली.

"सांगू मी, की तू सांगतेस?"

तिने पाकीट माझ्याकडे परत सरकवलं.

"बारा वर्षांपूर्वीची चाळणी तुझी होती," मी म्हणालो. "तू एकवीस वर्षांची, नवखी. दोनपासून सुरू केलंस, सदतीसला पोचलीस, आणि भाग गेला. ज्या संख्येला हात लावायला दोन पिढ्या कचरल्या, ती तुझ्या हातून फुटली."

"मी ओरडलेच, काका." ती बोलायला लागली. "वही टाकून धावत मावशीकडे गेले. तिने मला उचललंच जवळजवळ. सगळे जमले. दशांशांनी पेढ्यासाठी पैसे काढले. अर्ध्या तासाने परत येऊन बसले, आलेला भागाकार नव्या ओळीत लिहिला, आणि एक्केचाळीसपासून पुढे गेले. भाग गेला की त्याच संख्येने पुन्हा एकदा भागून बघायचं, हे पोरसुद्धा सांगेल. आनंदात राहून गेलं. आणि मावशीने माझ्यावर विश्वास ठेवून खाली सही केली."

"आणि शुक्रवारी प्रूफ वाचताना गंमत म्हणून ताळा केलास."

"रात्रभर डोळा लागला नाही. ती बारा वर्षं रोज दांडा फिरवत होती. खांदा गेला तिचा. माझ्या एका उडीपायी. कुठल्या तोंडाने सांगू तिला?"

"म्हणून तू वही नेलीस. जी हरवली तर काही बिघडत नाही, नेमकी तीच. मावशीने चाळणी पुन्हा करावी आणि चूक तिची तिलाच सापडावी, म्हणून. नव्या वहीच्या माथ्यावर तू हट्टी लिहिली नाहीस, तेरा अंकी लिहिलीस. हट्टीपासून सुरुवात केली असती, तर सदतीसने एकदा भाग गेला असता आणि ती पुन्हा एक्केचाळीसवर गेली असती."

"छापून आल्यावर कोणा परक्याने पत्र पाठवून सांगण्यापेक्षा तिचं तिला कळलेलं बरं. वाटलं, चिडेल, रडेल, पण शोध तरी तिचा राहील." तिने डोळे पुसले. "पण ती वहीला हातच लावत नाही हो. मला कळत नाही, इतकं काय झालं तिला? एका वहीसाठी?"

बाईंना दिलेला शब्द मी तिथे मोडला. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

"तिला वाटतंय, वही तिने हरवली. तुझ्या आईसारखं तिचं सुरू झालंय, असं तिला वाटतंय. राजीनामा लिहून ठेवलाय तिने."

भाची उठली आणि धावत सुटली. माझ्या वयाला झेपेल तेवढ्या वेगाने मी मागे.

६

"मावशी, वही मी घेतली."

बाई खुर्चीत होत्या. त्यांनी मान वर केली. "तू?"

"शनिवारी. घरी माझ्या कपाटात आहे, शालीखाली."

"मी कपाट लावलं होतं?"

"लावलं होतंस. नीट लावलं होतंस. वही आत होती. तू गेल्यावर मी काढली."

बाईंनी डोळे मिटले. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. त्यांच्या तोंडावर जी सुटका दिसली, ती मी कधी विसरणार नाही. मला स्वतःला हुंदका आला, कशाला खोटं सांगू.

"का घेतलीस?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी पाकीट पुढे केलं. बाईंनी ते वाचलं नाही, उलटं करून बाजूला ठेवलं. दुसऱ्याची बेरीज त्या कधी घेत नाहीत. समोरच्या कागदावर तेरा अंकी लिहिली, चार ठिकाणी पेन्सिल टेकवली. ओठ हलले. "दोन हजार एकशे शेहेचाळीस. अठ्ठावन्न."

"पस्तीस वह्या," भाची रडत म्हणाली. "तुझी सगळी मेहनत फुकट घालवली मी. मूळ नाहीच ती."

"थांब गं जरा. रडू नको, मला ऐकू येत नाहीये." बाईंनी यंत्र पुढे ओढलं, दांडा फिरवला. उत्तर आलं बारा अंकी: २,००,५६,०४,९०,१३१. तेही त्यांनी तीन-तीनांत तोडलं, बेरीज केली. "तेराशे एक्क्याऐंशी. बाकी बारा. तिसऱ्यांदा नाही जात." आणि मग, आमच्यातल्या कोणाला काही सुचायच्या आत, श्वास न घेता बोलत सुटल्या. "फुकट कसं? तेरा अंकी मोडली, पण या बारा अंकीला कशाने भाग गेला असता, तर तेरा अंकीलाही त्यानेच गेला असता. शंभरापासून सत्तावीस लाखांपर्यंत मी सगळ्यांना विचारलंय, एकानेही भाग गेलेला नाही. एकतीसपर्यंतच्यांना आणि एक्केचाळीस ते सत्त्याण्णवपर्यंतच्यांना तू विचारलंस. सदतीसचं आत्ता बघितलं. म्हणजे बारा अंकी मूळ आहे. वह्या सगळ्या खऱ्या. हट्टी म्हणजे सदतीसचा वर्ग गुणिले बारा अंकी. झालं!"

दशांश दारात येऊन उभे राहिले होते. "शंभर टक्के," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा आकडा मी पहिल्यांदाच ऐकला.

भाचीने मावशीच्या गळ्यात हात टाकले. मला वाटलं, गोष्ट संपली. पण बाईंची पेन्सिल अजून कागदावर होती. त्यांनी बारा अंकीचं वर्गमूळ काढलं, त्याच्याकडे बघितलं, भाचीचे हात हळूच सोडवले आणि उठून बाहेर लोखंडी कपाटाकडे गेल्या; आम्ही मागोमाग. सातवी वही काढली. पानं उलटली. एका ओळीवर बोट ठेवलं.

"चार लाख सत्तेचाळीस हजार आठशे. बारा अंकीला एवढंच पुरे होतं." त्यांनी समासातली तारीख वाचली. सुरुवातीपासून सव्वादोन वर्षांची. "इथे संपलं होतं काम. मला ठाऊक नव्हतं."

उरलेल्या अठ्ठावीस वह्या कपाटात ओळीने उभ्या होत्या. त्या सगळ्या खऱ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीचीही गरज नव्हती.

"दहा वर्षं, मावशी," भाची कशीबशी म्हणाली.

"पावणेदहा." बाईंनी वही मिटली. "राग येणार आहे मला. मी काही देव नाही. चांगला सणसणीत येणार आहे आणि तू तो ऐकून घेणार आहेस. पण आज नाही. आज माझं डोकं जागेवर आहे एवढं कळलंय, तेवढंच मला पुरे." मग माझ्याकडे वळल्या. "स्वल्पविराम, ओळ बदलून घ्या. आणि नोंदीखाली चाळणी करणारीचं नाव घाला. हिचं."

"माझं नको," भाची म्हणाली.

"चूक केलीस तू, सापडवलीस तू. मग काय दशांशांचं घालू?"

राग बुधवारी आला. खोलीचं दार बंद होतं तरी अख्ख्या कार्यालयाने ऐकला. दांडे थांबवून सगळे बसले होते. दशांशांच्या घड्याळाप्रमाणे एक तास दहा मिनिटं. नंतर दोघी एकाच छत्रीतून घरी गेल्या. पाऊस नव्हता, ऊन होतं.

गुरुवारी सकाळी मी नवं प्रूफ घेऊन गेलो. पूर्वीच्या आणि आताच्या ओळीत, बारा अंकी सोडली, तर नजरेत भरण्यासारखा फरक नव्हता. ३७ च्या डोक्यावर उजवीकडे एक बारीक २ आला होता, इतका बारीक, की आमच्या खिळे जुळवणाऱ्याला तो चिमट्याने बसवावा लागला. बाईंनी चष्मा लावला. अंगठ्याने तो २ झाकून ओळ वाचली. मग अंगठा उचलला, पुन्हा वाचली, आणि सही केली.